सिनेमाच्या प्रक्षेपण यंत्रांचा तंत्रज्ञ व्हायचे आहे. गोव्यात राहून तयारी कशी करावी?

डिचोलीवासी

सर्वांना नमस्कार. मी डिचोलीचा राहणारा असून दहावीनंतर आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. सध्या म्हापशातील एका दुकानात अ‍ॅम्प्लिफायर, यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचे काम करतो. गेल्या इफ्फीच्या (गोव्यात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) वेळी दुकानाच्या मालकांबरोबर एका सभागृहात ध्वनियंत्रणेच्या कामासाठी जाण्याचा योग आला आणि तिथे केबिनमधील डिजिटल प्रोजेक्टर, त्याचा सर्व्हर व ध्वनीचे रॅक जवळून पाहता आले. तेव्हापासून याच यंत्रांच्या उभारणीचे आणि देखभालीचे काम शिकावे, असे मनाने घेतले आहे.

अडचण अशी की, कुठून सुरुवात करावी हे सांगणारे कोणी भेटत नाही. या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो का, आयटीआय पुरेसे आहे की पदविका करावी लागेल, प्रोजेक्टर बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रशिक्षण बाहेरच्या माणसाला मिळते का, आणि मुख्य म्हणजे गोव्यासारख्या लहान राज्यात या कामावर संसार चालेल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. वडिलांचे म्हणणे असे की, रिळे गेली तेव्हाच हा धंदा संपला, आता एक बटण दाबले की सिनेमा सुरू होतो, मग तंत्रज्ञ हवा कशाला? मला ते पटत नाही, परंतु त्यांना समजावून सांगण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

केबिनकाका, म्हापसा

तू माझ्या मुलाच्या वयाचा दिसतोस, म्हणून एकेरीत लिहितो. तुझ्या वडिलांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते कुठल्या अर्ध्यात खरे आहे हे आधी समजून घेतलेस तर पुढची वाट स्पष्ट होईल.

मी रिळांच्या काळातला ऑपरेटर. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या गतीने, म्हणजे मिनिटाला ९० फूट, यंत्रातून जात असे. साधारण दोन हजार फुटांचे रीळ वीस-बावीस मिनिटांत संपायचे आणि ते संपण्याच्या बेतात असताना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या ठिपक्याची खूण पाहून दुसऱ्या यंत्रावर उडी घ्यावी लागे. एकेक चौकट क्षणभर स्थिर थांबवून पुढे ढकलणारे जिनिव्हा चक्र, त्याचे तेल, गेटचा दाब, आवाजाच्या पट्टीवर पडणारा दिवा हे सर्व हाताने सांभाळायचे. शिकणे उस्तादाच्या हाताखाली व्हायचे. नव्या मुलाला आधी फक्त रिळे उलटी गुंडाळायला देत, मग तुटलेली फिल्म जोडायला, आणि यंत्राला हात लावायची पाळी फार उशिरा येई. पूर्वी प्रकाशासाठी कार्बनच्या कांड्यांचा आर्क असे, तो जळत जाई तसा पुढे सरकवत राहावा लागे. झेनॉनचा दिवा आल्यावर ती कटकट संपली.

डिजिटल यंत्रे आली तेव्हा यातले 'चालवण्याचे' काम खरोखरच संपले. आज दिवसभराचे खेळ, जाहिराती, मध्यंतर, दिवे मंद करणे, पडद्याच्या बाजूच्या काळ्या पट्ट्या सरकवणे हे सगळे सर्व्हरमध्ये आधीच मांडून ठेवता येते आणि अनेक पडद्यांच्या संकुलात एकच माणूस ते एका संगणकावरून पाहतो. तुझे वडील ज्या ऑपरेटरविषयी बोलतात तो उरलेला नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु यंत्र 'सांभाळण्याचे' काम उलट वाढले आहे. आमचे यंत्र बिघडले तर पान्हा, पट्टा आणि तेलाची बुधली घेऊन बहुतेक वेळा आम्हीच ते पुढच्या खेळापर्यंत उभे करायचो. आजच्या प्रोजेक्टरमध्ये वीजपुरवठ्याचे खण, पाण्यासारखे वाहणारे शीतक, प्रकाशाचे आरसे, सूक्ष्म आरशांच्या चिप्स, संगणक आणि जाळे (नेटवर्क) हे सर्व एकाच पेटीत आहे. तिथे केबिनमधल्या माणसाचे काम संपते आणि तुझ्यासारख्याचे सुरू होते. म्हणून नोकरी शोधताना 'ऑपरेटर' आणि 'सर्व्हिस टेक्निशियन' या दोन जागांमधला फरक नीट विचारून घे. पहिली जागा शिकण्यासाठी उत्तम आहे, पण तिथेच अडकून राहू नकोस.

एक गोष्ट मात्र आमच्या काळातली आजही जशीच्या तशी लागू आहे. यंत्र केबिनमध्ये असले तरी चित्र सभागृहात असते. खेळ सुरू झाला की खाली उतरून मधल्या रांगेत, मग कडेला, मग पाठीमागे थोडा वेळ बसायचे. पडद्याच्या चारही कोपऱ्यांत अक्षरे सारखी धारदार दिसतात का, पांढऱ्या भागावर कुठे गुलाबी किंवा हिरवट छटा आहे का, संवाद पडद्याच्या मध्यातूनच येतात का, मागचा एखादा स्पीकर मुका आहे का, हे डोळ्याने आणि कानाने ओळखता आले पाहिजे. मोजमापाची उपकरणे नंतर येतातच, पण उपकरण कधी बाहेर काढायचे हे डोळाच सांगतो. ही सवय आजपासून, तिकीट काढून पाहिलेल्या प्रत्येक सिनेमात लावून घेता येईल.

सर्व्हिस इंजिनियर, मडगाव

काकांनी पाया सांगितला आहेच. मी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करते, म्हणून तांत्रिक शिक्षणाचा भाग मांडते.

आजच्या डिजिटल सिनेमाची चौकट हॉलीवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ह्ज, म्हणजे डीसीआय, या संस्थेने आखून दिली आणि तिचा पहिला तपशीलवार दस्तऐवज २००५ मध्ये आला. चित्र २के म्हणजे २०४८ गुणिले १०८० किंवा ४के म्हणजे ४०९६ गुणिले २१६० बिंदूंचे असावे, प्रत्येक चौकट जेपेग २००० पद्धतीने दाबलेली असावी, पडद्याच्या मध्यावर पांढऱ्या प्रकाशाची तेजस्विता १४ फूट-लॅम्बर्ट असावी, चित्रपट कुलूपबंद स्वरूपात यावा, असे सर्व काही त्यात लिहिलेले आहे. हा दस्तऐवज संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. तो आरंभी कठीण वाटेल, तरी हळूहळू वाचाच, कारण तुमच्या पुढच्या सगळ्या कामाचे 'का' त्यात आहे. भारतात याला समांतर, उपग्रहावरून चित्रपट पोहोचवणारी आणि काहीशी स्वस्त यंत्रे वापरणारी यूएफओ मूव्हीजसारखी व्यवस्थाही वाढली. चेन्नईच्या क्यूब सिनेमाचे सर्व्हरही देशभर आहेत. एकपडदा चित्रपटगृहांत तुमची गाठ या यंत्रणांशी हमखास पडेल.

आता चित्रपट केबिनमध्ये कसा येतो ते पाहा. तो डीसीपी नावाच्या संचिकांच्या गठ्ठ्यात, हार्ड डिस्कवर किंवा जाळ्यावरून येतो आणि सर्व्हरमध्ये उतरवून घेतला जातो. याला आम्ही इन्जेस्ट म्हणतो. तो उघडणारी किल्ली, म्हणजे केडीएम, वेगळी येते. ती ठरावीक चित्रपटासाठी, ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक मुदतीसाठीच चालते. शेजारच्या पडद्याच्या सर्व्हरवर तीच किल्ली निरुपयोगी ठरते. नव्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा मुदतीच्या वेळेवरून होतो. किल्लीवर वेळ अनेकदा जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते आणि आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहोत. किल्ली सकाळी सहापासून चालू असे दिसले तर ती आपल्याकडे साडेअकरालाच उघडेल आणि नऊचा खेळ लागणार नाही. हे आदल्या दिवशी पाहिले तर एका दूरध्वनीत नवी किल्ली मागवता येते. नऊला पाच मिनिटे कमी असताना पाहिले तर प्रेक्षकांचे पैसे परत करावे लागतात. सर्व्हरच्या आतले सुरक्षित घड्याळही आपल्या मर्जीने मागे-पुढे करता येत नाही. वर्षभरात त्यात सहा मिनिटांपेक्षा जास्त बदल करू नये, अशी डीसीआयची अट आहे.

दुसरी अशीच गोष्ट म्हणजे मीडिया ब्लॉक (कुलूपबंद चित्रपट उघडून प्रोजेक्टरला देणारा भाग) आणि प्रोजेक्टर यांचे सुरक्षा-नाते. याला धंद्यात सरळ 'मॅरेज' म्हणतात. चोरीच्या चित्रीकरणाला आळा बसावा म्हणून प्रोजेक्टरच्या ठरावीक झडपा उघडल्या की हे नाते तुटते, आणि अधिकृत व्यक्तीने विहित रीतीने ते पुन्हा जोडल्याशिवाय कुलूपबंद चित्रपट लागत नाही. केवळ धूळ झटकायची म्हणून चुकीची झडप उघडणारा उत्साही माणूस यामुळेच संपूर्ण दिवसाचे खेळ बंद पाडू शकतो. कुठला भाग उघडायचा अधिकार आपला आणि कुठला कंपनीचा, हे पुस्तिकेतून आधी पाठ करावे.

दिव्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण या कामात जिवावर बेतणारी जागा तीच आहे. अनेक प्रोजेक्टरांत अजून झेनॉन दिवे आहेत. दोन किलोवॅटपासून सहा-सात किलोवॅटपर्यंतच्या या क्वार्ट्झच्या फुग्यात वायू भारलेला असतो आणि दिवा थंड असतानाही आतला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. पेटलेला असताना तो आणखी वाढतो. म्हणून खेळ संपल्यावर पंखे चालू ठेवून दिवा पूर्ण निवू द्यायचा, मुख्य वीज तोडायची, आणि चेहऱ्यावर पूर्ण ढाल, गळा झाकणारे जाकीट व जाड हातमोजे चढवल्याशिवाय दिव्याच्या घराचे दार उघडायचे नाही. दिवा धरायचा तो केवळ टोकाच्या धातूला. काचेला उघडे बोट लागले तर त्या डागावर उष्णता साचून काच कमकुवत होते, त्यामुळे चुकून स्पर्श झाल्यास शुद्ध अल्कोहोलने पुसूनच पुढे जायचे. धन आणि ऋण टोके उलटी बसली तर दिवा पेटताच निकामी होतो. टोकाची जोडणी सैल राहिली तर तिथे ठिणगी पडून धातू वितळतो, आणि जोर लावून आवळली तर काचेवर ताण येतो. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या बलानेच ती आवळायची. नवा दिवा बसवल्यावर तासांची नोंद शून्यावर आणायची, दिव्याची जागा तिन्ही दिशांनी सूत-सूत हलवून पडद्यावरचा प्रकाश मीटरने मोजायचा, आणि जुना दिवा त्याच्या मूळ संरक्षक कवचात घालूनच खाली न्यायचा. कितीही घाई असली तरी यातली एकही पायरी गाळायची नसते.

नव्या यंत्रांत लेझर आले आहे. उत्पादक त्याचे आयुष्य साधारणपणे ३०,००० तासांच्या आसपास सांगतात, त्यामुळे दिवे बदलण्याचे काम कमी होते. पण शीतक, गाळण्या, गरम हवा बाहेर टाकणारे पंखे, रंगांचे संतुलन आणि तीन चिप्सवरील लाल, हिरवे व निळे चित्र एकमेकांवर नेमके बसवणे ही कामे राहतातच. २के चिपवर २२ लाखांहून अधिक सूक्ष्म आरसे असतात आणि ही तिन्ही चित्रे एका बिंदूनेही सरकली तर उपशीर्षकांच्या कडेला रंगीत किनार दिसते. लेझरच्या झोताची सुरक्षित अंतरे हा वेगळा अभ्यास आहे. झोत जिथे प्रेक्षकाच्या किंवा सफाई कामगाराच्या डोळ्याच्या उंचीवर येईल, अशी मांडणी करताच येत नाही.

कंपन्यांच्या प्रशिक्षणाबद्दल स्पष्ट सांगते. बार्को, क्रिस्टी यांसारखे उत्पादक आपल्या यंत्रांचे प्रशिक्षण देतात व ते पूर्ण केल्याचे प्रमाणपत्रही देतात, परंतु तिथे सहसा विक्रेत्यांचे, सेवा-भागीदारांचे आणि मल्टिप्लेक्स साखळ्यांचे कर्मचारी पाठवले जातात. एकट्याने दार ठोठावून ते सहज मिळत नाही. त्यामुळे आधी अशा एखाद्या संस्थेत लागणे आणि मग तिच्यामार्फत प्रशिक्षण घेणे, हाच व्यवहार्य क्रम आहे. आगाऊ मोठी रक्कम घेऊन 'प्रोजेक्टर इंजिनियर' करण्याचे आश्वासन कोणी दिले, तर त्याच्याजवळ उत्पादकाची मान्यता आहे का आणि प्रत्यक्ष डीसीआय यंत्र हाताळायला मिळणार का, हे लेखी मागा.

निदेशक, फोंडा

मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवतो, त्यामुळे केवळ शिक्षणाच्या अंगाने लिहितो. सिनेमा-प्रक्षेपण यंत्रांसाठी वेगळी पदवी शोधण्यात वेळ घालवू नये. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेसारख्या संस्थांचे प्रमुख अभ्यासक्रम चित्रपट घडवण्याचे आहेत, चित्रपटगृहाची यंत्रे दुरुस्त करण्याचे नव्हेत. तुमचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हा व्यवसाय या कामासाठी अगदी योग्य पाया आहे.

पुढे शिकण्याची इच्छा असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची तरतूद आहे. इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखेची पदविका असेल तर पुढे वरिष्ठ पदावर जाताना अडत नाही. मात्र सध्याची नोकरी सोडून आधी पदविका आणि मग काम, असा हट्ट धरू नये. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ खाली आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेता येतात, तेव्हा ध्वनी व दृश्य यंत्रणा उभारणाऱ्या कंपनीला याबाबत जरूर विचारावे.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांची एक उणीव मला नेहमी दिसते. त्यांना सर्किट बोर्डावर सोल्डरिंग उत्तम येते, पण तीन फेजच्या पॅनेलसमोर उभे राहिले की हात आखडतो. मोठ्या प्रोजेक्टरला तीन फेजचा पुरवठा लागू शकतो. न्यूट्रल सुटला तर व्होल्टेज किती चढते, अर्थिंगचा रोध कसा मोजायचा, ध्वनीच्या रॅकचे आणि प्रोजेक्टरचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी गेल्यास स्पीकरमध्ये घरघर का येते, हे कळले पाहिजे. एखाद्या परवानाधारक वीजतंत्रज्ञाबरोबर काही काळ काम करावे आणि शक्य झाल्यास वायरमनचा परवाना काढावा. कायद्यानेही वीजजोडणीचे काम परवान्याशिवाय करता येत नाही.

डिचोलीवासी

काका, ताई आणि सर, आपण तिघांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. वडिलांना काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. 'चालवणे आणि सांभाळणे वेगळे' हे त्यांना पटले.

माझे दोन प्रश्न उरतात. केबिनमध्ये प्रवेश मिळेपर्यंत घरी बसून यातले काय शिकता येईल? आणि गोव्यात इफ्फी नोव्हेंबरमध्ये होतो, पण उरलेल्या अकरा महिन्यांत इथे असे काम कितपत असते?

सर्व्हिस इंजिनियर, मडगाव

घरी बसून बरेच शिकता येते. डीसीपी-ओ-मॅटिक नावाची विनामूल्य संगणक-प्रणाली उतरवून घ्या आणि मोबाइलवर काढलेल्या पाच मिनिटांच्या चित्रफितीपासून स्वतःचा डीसीपी तयार करा. एकदा १.८५ गुणोत्तराच्या फ्लॅट चौकटीत आणि एकदा २.३९ च्या स्कोप चौकटीत तो बनवला, की पडद्यावर वर-खाली किंवा दोन्ही बाजूंना काळे पट्टे का येतात हे कायमचे समजेल. तयार झालेल्या गठ्ठ्यातील सीपीएल, पीकेएल आणि असेटमॅप या संचिका साध्या मजकूर-संपादकात उघडून वाचा. चित्र व ध्वनीच्या मोठ्या संचिकांना त्या कशा बांधून ठेवतात ते तिथे दिसते. एखादी संचिका मुद्दाम दुसरीकडे हलवून काय चूक दाखवली जाते तेही पाहा, कारण केबिनमध्ये अर्धवट उतरलेल्या डीसीपीची तक्रार रोजची आहे. त्याबरोबर लिनक्सची प्राथमिक ओळख करून घ्या. चित्रपटगृहांकडे जाणाऱ्या डिस्क साधारणपणे लिनक्सच्या ईएक्सटी पद्धतीने आखलेल्या असतात आणि विंडोजच्या संगणकाला लावल्यावर त्या रिकाम्या असल्यासारख्या दिसतात. घाबरून कोणीतरी त्यांना फॉरमॅट करून टाकतो, असेही घडते.

जाळ्याचे ज्ञान अनिवार्य आहे. आयपी पत्ता, सबनेट, स्विच, व्हीलॅन हे शब्द रोज लागतात. प्रोजेक्टर, सर्व्हर, ध्वनी-प्रोसेसर आणि दिवे-पडदे हलवणारी यंत्रणा एकमेकांशी जाळ्यावरूनच बोलतात, आणि 'प्रोजेक्टर बिघडला' अशा तक्रारीवर धावत गेल्यावर एक सैल केबल सापडणे हा सर्वसामान्य अनुभव आहे.

ध्वनीत तुमचा हात आधीच बसलेला आहे. त्यात एक्स-कर्व्ह, पिंक नॉइज आणि ८५ डेसिबलची संदर्भपातळी या तीन गोष्टींची भर घाला. पडद्यामागील प्रत्येक वाहिनीतून पिंक नॉइज, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सर्व स्वर असलेला खरखराट, सोडून सभागृहात ठेवलेल्या मायक्रोफोनने ही पातळी जुळवतात आणि उंच स्वरांचा उतार २ किलोहर्ट्झच्या पुढे एक्स-कर्व्ह या ठरलेल्या वक्राप्रमाणे आणतात. ही मोजणी घरच्या स्पीकरवरही विनामूल्य प्रणालीने करून पाहता येते. ५.१ आणि ७.१ या स्पीकरांच्या मांडण्या नीट कळल्या की मग २०१२ मध्ये आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसकडे वळा. तिथे ६४ पर्यंत स्वतंत्र स्पीकर-जोडण्या असू शकतात, त्यामुळे तारांवरची नावे आणि नकाशा यांत हलगर्जी चालत नाही.

गोव्यातील कामाविषयी सांगायचे तर, केवळ चित्रपटगृहांच्या भरवशावर राहू नये. पणजी, पर्वरी, मडगाव, फोंडा धरून इथले पडदे मोजकेच आहेत. त्यामुळे सेवा-कंपन्या गोव्याच्या तंत्रज्ञाकडे बहुधा सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार असा पट्टाही सोपवतात. रात्रीचा शेवटचा खेळ सुटल्यावर काम सुरू करून सकाळी पहिल्या खेळाआधी आटोपणे आणि मग गाडीने पुढच्या गावी जाणे, याची तयारी हवी. दुसरीकडे कला अकादमी, ठिकठिकाणची रवींद्र भवने, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर, शिवाय हॉटेलांची परिषद-सभागृहे यांतही प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा आहेत. सिनेमाची शिस्त अंगी बाणलेल्या तंत्रज्ञाला ही कामे वर्षभर मिळू शकतात. माझे स्वतःचे उत्पन्न या दोन्ही प्रकारच्या कामांतून येते.

आपल्या हवेचा मुद्दाही विसरू नका. इथल्या पावसाळ्यात सर्वांत मोठा शत्रू ओलावा असतो. खेळ संपताच खर्च वाचवण्यासाठी केबिनचा एसी बंद केला, तर अजून थंड असलेल्या लेन्सवर आणि बोर्डांवर आत शिरलेल्या दमट हवेचे दव धरू शकते. किनाऱ्याजवळच्या सभागृहांत खारी हवा जोडण्यांच्या पितळेवर हिरवी पुटी चढवते आणि मग कधी येणारा, कधी न येणारा असा बिघाड सुरू होतो. तो शोधणे फार जिकिरीचे असते. लेन्स आणि प्रकाशमार्गावर बुरशी एकदा बसली की पुसून जात नाही. त्यामुळे केबिनमध्ये आर्द्रतामापक टांगणे, तिथला ओलावा बेताचा ठेवणे, मे अखेरीस सर्व जोडण्या उघडून साफ करणे आणि वादळी विजांसाठी सर्ज-प्रतिबंधक तपासणे, हे वेळापत्रकात पक्के लिहून ठेवावे.

महोत्सव-सहायक, पणजी

इफ्फी २००४ पासून पणजीत होत आहे आणि त्याच्या तयारीत मी तांत्रिक साहाय्यक म्हणून काम केले आहे, म्हणून तेवढ्याच भागाची भर घालतो. शिकणाऱ्यासाठी महोत्सवाचे आठ-नऊ दिवस फार मोलाचे असतात. एरवी चित्रपटगृहात एकच चित्रपट आठवडाभर चालतो. महोत्सवात एकाच पडद्यावर दिवसाला चार-पाच वेगवेगळ्या देशांचे चित्रपट लागतात. एकाची चौकट जुन्या पद्धतीची जवळपास चौकोनी, दुसऱ्याची स्कोप, तिसऱ्याची गती सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींची, चौथ्याचा ध्वनी इतका हळू की पातळी पुन्हा ठरवावी लागते. म्हणून प्रत्येक चित्रपटाचा आरंभ, मधला एखादा संवादाचा भाग आणि शेवट आधी लावून पाहायचा, उपशीर्षके पडद्याच्या आत पूर्ण येतात का ते तपासायचे, आणि चौकट, ध्वनीची पातळी, किल्लीची मुदत यांची नोंद केबिनच्या कागदावर लिहायची. पाळी बदलली की पुढचा माणूस त्या कागदावरच विसंबतो. ज्या नवख्या मुलाची नोंद स्वच्छ व वेळेवर असते त्याला पुढच्या वर्षी आवर्जून बोलावले जाते, हे मी पाहिले आहे. महोत्सवाचे तंत्रपथक ऐन वेळी भरत नाही, त्यामुळे पावसाळा संपण्याआधीच विचारणा करावी.

केबिनकाका, म्हापसा

ताईंनी आणि पणजीच्या बंधूंनी मनासारखे लिहिले. माझ्याकडून एवढेच की, संधी मिळाली तर ३५ मिलिमीटरची फिल्म हाताळायलाही शिकून ठेव. रोजच्या धंद्यात तिचा उपयोग उरलेला नाही, हे खरे. परंतु पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हे धन जपत आले आहे, जुन्या प्रती पुन्हा लावून पाहण्याची आस्था लोकांत वाढते आहे, आणि फिल्म ओरखडा न पाडता यंत्रात चढवू शकणारे हात मात्र म्हातारे होत चालले आहेत. माझ्याकडे स्प्लायसर, रिवाइंडर आणि काही जुन्या जाहिरातींचे तुकडे आहेत. तू म्हापशातच कामाला आहेस, तेव्हा एखाद्या रविवारी ये. जोड कसा घालायचा आणि छिद्रांच्या कडा बोटाने कशा तपासायच्या, ते दाखवीन.

डिचोलीवासी

काका, रविवारी नक्की येतो. निरोपाच्या पेटीत पत्ता कळवावा. ताई, सेवा-कंपन्यांना अर्ज पाठवताना त्यात काय लिहावे, एवढे शेवटचे सांगाल का?

सर्व्हिस इंजिनियर, मडगाव

अर्ज एका पानाचा ठेवा. आयटीआयचे वर्ष, दुकानात कोणत्या शक्तीपर्यंतचे अ‍ॅम्प्लिफायर आणि यूपीएस उघडून दुरुस्त केले आहेत, तीन फेजवर काम केले आहे की नाही, जाळ्याचे किती येते, चारचाकी चालवण्याचा परवाना आहे का, आणि रात्री व परगावी काम करण्याची तयारी आहे का, हे स्पष्ट लिहा. मराठी, कोंकणी, हिंदी येते हेही नमूद करा, कारण बेळगावापासून कारवारापर्यंत चित्रपटगृहाच्या मालकाशी फोनवर बोलून अर्धा बिघाड ओळखावा लागतो. स्वतः बनवलेल्या डीसीपीचा उल्लेख अवश्य करावा. मुलाखतीत त्यावर प्रश्न येतील आणि तुम्हाला उत्तरे देता येतील. अर्ज मल्टिप्लेक्सच्या व्यवस्थापकाकडे न देता तांत्रिक विभागाच्या प्रमुखाच्या नावे पाठवा, आणि दिवाळीच्या मोसमात उत्तराची अपेक्षा धरू नका. त्या दिवसांत आम्ही सगळे केबिनमध्येच असतो.